सरदारबींची पुढची खोली

१९ जून २०००, जालना

आज एकदाची गेले, आणि ब्लाउजचं माप देऊन परत आले.

गाईड सरांनी परवा औरंगाबादला पुन्हा सुनावलं होतं, "मॅडम, तुमच्या कॉलेजची मुलं तुमच्यासमोर खेळत नाहीत, तोंडी परीक्षा देतात. खरे खेळणारे शोधा." बरोबरच आहे त्यांचं. मी कॉम्प्युटरवर कुस्तीचा एक साधा खेळ तयार केलाय. एक पैलवान माणसाच्या हातात, दुसरा प्रोग्रॅमच्या. माणूस कोणता डाव कधी टाकतो हे बघत बघत प्रोग्रॅमनं शिकायचं आणि त्याचा पुढचा डाव आधीच ओळखायचा. हाच माझा पीएच.डी.चा विषय. लोकांना सांगताना मी 'कृत्रिम बुद्धिमत्ता' म्हणते आणि तिथंच थांबते. पुढं 'व्हिडिओ गेम' म्हटलं की समोरच्याच्या तोंडावर जे हसू येतं ते मला सोसत नाही. वर्गातली मुलं तर मॅडम नाराज होतील म्हणून मुद्दाम हरतात. प्रोग्रॅम त्यातून फक्त भिडस्तपणा शिकलाय.

जुन्या जालन्यात एका गल्लीत सरदारबी नावाच्या बाईंचं व्हिडिओ गेमचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. नवऱ्यानं मुंबईहून जुनी मशीनं आणली होती. तो वारल्यापासून त्याच चालवतात. दारातच शिलाई मशीन मांडून बसतात. मी डोक्यावरून पदर घेऊन उभी राहिले. आत आरडाओरडा चाललेला. तेवढ्यात मागून कुणीतरी "नमस्ते मॅडम" म्हणून सायकलवरून गेलं.

"ब्लाउज शिवायचंय का बाई?" सरदारबींनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"हो," मी म्हणाले.

२३ जून

ब्लाउज आणायला गेले. बाह्या सुरेख बसल्यात. मग धीर करून खरं काय ते सांगितलं.

"खाला, मला खरं म्हणजे खेळ बघायचाय. लोक कसे खेळतात, कसे हरतात. त्यावर माझा अभ्यास आहे."

मला वाटलं, हसतील. हसल्या नाहीत. "हरणारे तर लई पाह्यला मिळतील. मंग त्या दिवशी काहून न्हाई बोलल्या?"

"लाज वाटली."

"कायची?"

त्यांनी आतून स्टूल आणून दिलं. भिंतीवर खडूनं दोन कायदे लिहिलेत: शाळेच्या युनिफॉर्मला मनाई, शिव्यांना मनाई. माझ्यादेखत एका बाप्याला दुसऱ्या कायद्याखाली त्यांनी कान धरून बाहेर काढलं. एमआयडीसीतल्या लोखंडाच्या कारखान्यातला होता, दाढीमिशावाला. मुकाट गेला.

८ जुलै

माझा घरचा कॉम्प्युटर रिक्षात घालून सरदारबींकडं नेऊन ठेवला. माझा खेळ खेळायला टोकन लागत नाही, म्हणून गर्दी झाली. पहिल्याच तासात प्रोग्रॅमला सगळ्यांनी लोळवलं. खूप आनंद झाला.

ह्यांना म्हटलं, कॉम्प्युटर दुरुस्तीला दिलाय. हे बदनापूरच्या संशोधन केंद्रात तुरीवर काम करतात. सकाळच्या गाडीनं जातात, संध्याकाळी येतात आणि तुरीबद्दल बोलतात. त्यांना कधी कुणी हसत नाही. रात्री झोपताना मीच खरं सांगितलं. म्हणाले, "नंदा, तू जा. पण गल्लीत फार कुणाशी बोलत नको जाऊ."

२९ ऑगस्ट, टेंभुर्णी

पोळ्याला आलो. बैलांची मिरवणूक झाल्यावर ओट्यावर बायका जमल्या. सासूबाईंनी सगळ्यांसमोर ह्यांना विचारलं, "मच्छिंद्रा, सूनबाई कायचा अभ्यास करून राह्यली रे? लोक इचारतेत."

हे म्हणाले, "बियाण्याचा. कॉम्प्युटरवर."

सासूबाई माझ्याकडं वळल्या. "आसं का गं?"

"हो."

आता गावभर झालंय की सोनूबाईची सून बियाण्याची डॉक्टर होणार. ह्यांनी माझी अब्रू राखली याबद्दल त्यांचे उपकारच आहेत. पण दुसरी पुरणपोळी मी वाढू दिली नाही.

१४ ऑक्टोबर

आज सापडलं! आकडे दोनदा तपासले. जिंकणारा माणूस डाव बदलत राहतो, त्याचा अंदाज बांधणं अवघड. पण हरायला लागला की तो घाबरून एकच डाव पुन्हा पुन्हा टाकतो, त्यानं एकदाही काम झालेलं नसलं तरी. म्हणजे हरणाऱ्याला ओळखणं सोपं आहे. प्रोग्रॅम हे आपलं आपण शिकला, मी शिकवलेलं नाही.

सरदारबींना सांगितलं. "ह्ये तर बराबर हाय," म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवत राहिल्या. मग चहा टाकला. आता माझ्यासाठी कप वेगळा काढून ठेवतात, दांडी न तुटलेला.

६ नोव्हेंबर

प्राचार्यांनी बोलावलं होतं. बसा म्हणाले, पाणी मागवलं. "मॅडम, तुम्ही त्या गेमवाल्या बाईकडं जाता म्हणे?"

माझी नेमणूक दर जूनला नव्यानं होते. सही प्राचार्यांचीच असते.

"ब्लाउज शिवायला जाते सर."

"तेच म्हटलं. लोक काहीही बोलतात." मग बराच वेळ चांगलं बोलत बसले. संस्थेच्या सचिवांच्या मेव्हण्यानं त्याच गल्लीच्या तोंडाशी मोठा गाळा घेतलाय, इंटरनेटचं दुकान काढणार आहे. आपल्या गावात असं काही येतंय हे चांगलंच झालं. मला म्हणाले, उद्घाटनाला तुम्ही पाहिजेत, कॉम्प्युटरमध्ये जिल्ह्यात तुमच्याएवढं शिकलेलं कोण आहे? बरं वाटलं.

२९ डिसेंबर

काल ईद. सरदारबींनी शीरखुर्मा डब्यात भरून दिला. खोली बंद होती, तरी मला आतल्या घरात नेऊन बसवलं. त्यांना मूलबाळ नाही. शेजारणीला माझी ओळख करून दिली: "ह्या आमच्या बाई. मोठ्या शिकलेल्या. माझ्या खोलीत कॉम्प्युटरला अक्कल शिकवून राह्यल्या."

शेजारीण हसली. मी पण हसण्यावारी नेलं. म्हटलं, तसं काही नाही, किरकोळ काम आहे.

सरदारबींनी डब्याचं झाकण जरा जोरातच लावलं. थकल्या असतील.

२५ जानेवारी २००१

हैदराबादच्या परिषदेत माझा निबंध घेतलाय! गाईड सरांनी फोनवर अभिनंदन केलं.

संध्याकाळी दुसरीच बातमी. आमच्या अकरावीची काही मुलं तासाला दांडी मारून कुठं तरी गेली होती. सिनेमाला, असं त्यातलाच एक सांगत होता. पण प्राचार्य म्हणतात, व्हिडिओ गेम. कॉलेजतर्फे पालकांचा मेळावा ठरलाय, 'खेळयंत्रांचा विळखा' असा फलक रंगवायला टाकलाय. मी बोलावं म्हणतात.

सरदारबींच्या कानावर गेलंच होतं. "बंद करतील का हो बाई? माझ्याकडं तर युनिफॉर्मवाला पाय ठेवत न्हाई. तुमी रोज पाह्यता."

"मी बोलणार आहे ना तिथं," मी सांगितलं. "जे पाहिलं तेच सांगीन. तुम्ही काळजी करू नका."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "मंग झालं."

११ फेब्रुवारी

मेळावा झाला.

नंतर लिहीन.

१२ फेब्रुवारी

लिहायलाच पाहिजे.

मी भाषण लिहून नेलं होतं. युनिफॉर्मचा नियम, शिव्यांचा नियम, खेळताना माणूस कसा विचार करतो, सगळं. सचिव बोलले, एक पालक बोलले. मग प्राचार्य उठले आणि म्हणाले, "वेळ थोडा आहे. पण आपल्या संगणक विभागाच्या मॅडमनी स्वतः त्या ठिकाणी जाऊन पाहणी केलीय. आपली मुलं तिथं जाऊन बिघडतात, अभ्यासातून उठतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. बरोबर ना मॅडम?"

आणि माईक माझ्या तोंडाशी आला.

मंडप भरलेला. 'तुम्ही तिथं काय करत होता?' असं पुढच्या रांगेतून कुणी विचारलं तर काय सांगू, एवढंच डोक्यात आलं. प्राध्यापिका, आणि गेमच्या दुकानात.

"हो," मी म्हणाले.

टाळ्या पडल्या. मी खाली बसले तेव्हा बायकांच्या मागच्या रांगेतून एक बुरख्यातली बाई उठून बाहेर जाताना दिसली. तिच्या चालण्यावरून ओळखलं. एका पायानं किंचित लंगडतात त्या, शिलाई मशीनच्या पायडलमुळं.

भाषणाचा कागद पर्समध्येच घडी करून पडलाय.

१९ फेब्रुवारी

त्या खोलीला आज सील लागलं. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कळलं. सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. मी चहा अर्धा टाकून वर्गावर गेले आणि काय शिकवलं ते आठवत नाही.

माझा कॉम्प्युटर आत अडकला, सगळे आकडे त्यातच, हा विचार आधी मनात आला. सरदारबींचा नंतर. हे लिहून ठेवते, म्हणजे पुढं मला विसरता येणार नाही.

घरी आले तर हे दारातच उभे. "नंदा, कॉम्प्युटर आलाय."

सरदारबींनी सील लावणारे यायच्या आधीच हातगाड्यावर घालून पाठवला होता. त्यांच्या गोधडीत गुंडाळून, वरून दोरी बांधून. गाडेवाल्याकडं निरोप काही नव्हता. कॉम्प्युटर चालू केला. सगळं जसंच्या तसं आहे.

ह्यांना मेळाव्याचं सांगितलं. म्हणाले, "तू हो म्हणालीस?" आणि उठून गोधडीची घडी घालायला लागले. घडी नीट जमेना. पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. म्हणाले, "टेंभुर्णीत मी बियाणं म्हणालो नसतो तर..." आणि वाक्य अर्धंच सोडलं. त्यांचा यात काय संबंध, मला कळलं नाही.

४ मार्च

हैदराबादहून आले. निबंध गाजला. एका मोठ्या प्राध्यापकांनी विचारलं, "एवढे जिवंत खेळाडू तुम्हाला मिळाले कुठं?" मी सांगितलं, स्थानिक स्वयंसेवक. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

गोधडी अजून परत दिलेली नाही. रोज ठरवते.

२६ मार्च, पाडवा

सचिवांच्या मेव्हण्याच्या इंटरनेटच्या दुकानाचं उद्घाटन. मला पहिल्या रांगेत बसवलं, हार घातला. समई पेटवायला बोलावलं. उठले, आणि सहज काचेतून आत नजर गेली. नवे कोरे कॉम्प्युटर ओळीनं मांडलेले, आणि प्रत्येकावर मारामारीचा गेम चालू. पोरं खुर्च्यांना लटकलेली. त्यातले दोघं सणाच्या सुटीतही युनिफॉर्ममध्ये.

मी प्राचार्यांकडं बघितलं. ते म्हणाले, "हे वेगळं मॅडम. हे शैक्षणिक आहे."

नोव्हेंबरमध्ये ह्याच माणसानं मला ह्याच गाळ्याचं सांगितलं होतं. मी घरी येऊन 'बरं वाटलं' असं लिहून ठेवलंय. आताच मागची पानं काढून वाचली. एवढी शिकलेली बाई!

तिथं ओरडून सांगायला हवं होतं. तेवढी हिंमत झाली नाही. फक्त काडी ओढली नाही. काड्यापेटी तबकात परत ठेवली आणि हार काढून खुर्चीवर ठेवून निघून आले.

२ एप्रिल

सरदारबी आता एमआयडीसीत बियाणांच्या एका कारखान्यात निवडायच्या कामाला जातात. फाटकाशी जाऊन थांबले. सुटी झाली तशा बायका टेम्पोकडं निघाल्या. त्यांनी मला पाहिलं, आणि टेम्पो सोडून दिला.

"बोला मॅडम."

आधी बाई म्हणायच्या.

मी गोधडी पुढं केली. त्यांनी घेतली, काखेत धरली.

"खाला, त्यांनी माईक एकदम पुढं केला. मला काही सुचलंच नाही."

"सुचलं न्हाई कसं? 'हो' सुचलं की."

काखेतली गोधडी त्यांनी सावरली.

"मी तिथं कायला आल्ते, ठावूक हाय? तुमी बोलणार म्हणून. शेजारणीला सोबत घेऊन आल्ते. म्हनलं चल, आमच्या बाई बोलणार हायेत." त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. त्यावर बियाणांना लावतात त्या औषधाची गुलाबी पूड बसलेली. "एक इचारते. लाज कायची वाटली तुमाला? खेळाची का माझी?"

खेळाची म्हणावं असं ओठांवर आलं होतं. ते सोपं होतं.

"दोन्हीची," मी म्हणाले.

"हां." त्यांनी मान हलवली. "आता खरं बोलल्या."

"मग कॉम्प्युटर का पाठवलात खाला? एवढं होऊनही?"

"ती तुमची अमानत व्हती. तुमी कशाबी वागा, लोकाची अमानत मधी ठेवून मी सील कसं लावू देऊ?"

पुढचा टेम्पो आला, त्यात बसून गेल्या. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. मीही माफी मागायला विसरले.

१७ एप्रिल

परवान्याच्या कचेरीत, सील काढावं या सरदारबींच्या अर्जाची सुनावणी होती. मला कुणी बोलावलं नव्हतं. गेले. प्राचार्य होतेच.

साहेबांनी विचारलं, "भर सभेत तुम्ही हो म्हणालात, असं सर सांगतात."

"म्हणाले. ते खोटं होतं. मी त्या खोलीत कित्येक महिने बसलेय. युनिफॉर्ममधला एकही मुलगा तिथं पाहिला नाही. ते पाडव्याला इंटरनेटच्या दुकानात पाहिले."

"मग खोटं का बोललात?"

"मी व्हिडिओ गेमवर पीएच.डी. करते, हे लोकांना कळू नये म्हणून."

टाइप करणारा कारकून हसला. अगदी तेच हसू. तोंड भाजल्यासारखं झालं. पण तो हसून पुन्हा टाइप करायला लागला, आणि मी तिथंच उभी होते.

प्राचार्य जाताना हळूच म्हणाले, "जून जवळ आलाय मॅडम." सरदारबींनी माझ्याकडं बघितलं नाही. साहेबांपुढं सही करायला वाकल्या आणि निघून गेल्या.

२६ एप्रिल, टेंभुर्णी

अक्षय्य तृतीयेला, इकडच्या आखाजीला, आलो. जेवताना हे एकदम म्हणाले, "आई, नंदा बियाण्याचा अभ्यास नाही करत. कुस्तीच्या खेळाचा करते. कॉम्प्युटरवरचा खेळ असतो, त्याचा. मी खोटं सांगितलं होतं."



सासूबाई म्हणाल्या, "मंग आधी काहून न्हाई सांगितलं? बियाण्याचं काय, ते आमालाबी येतं." आणि आमरस वाढत विचारलं, "कोण जिकतं गं त्याच्यात? माणूस का मशीन?"

मी सांगत बसले. त्या ऐकत बसल्या. इतक्या वर्षांत माझं काम मी पहिल्यांदाच कुणाला तरी अख्खं सांगितलं, आणि ते आमरस निवेपर्यंत संपलं नाही, असं हे नंतर हसत म्हणाले. आमरस गार असतो हे त्यांना कोण सांगणार!

१८ जून

नेमणूक झाली नाही. जागा भरायची नाही म्हणाले. दुपारी फाटकावर नव्या मॅडम विचारत होत्या, संगणक विभाग कुठं आहे म्हणून. मी दाखवला.

आता शिकवण्या घ्याव्या लागतील. गाईड सर म्हणतात, प्रबंध तरी लवकर संपवा. खेळाडू मिळाले त्या जागेचा उल्लेख 'एक स्थानिक केंद्र' असा करा, नसत्या भानगडी नकोत. मी त्यांना म्हटलं, सर, जागेला नाव आहे. त्यांनी नाराजीनं फोन ठेवला. नंतर स्वतःच पुन्हा केला. "लिहा. पण त्या बाईंना विचारून."

२१ जुलै

सील निघाल्याचं कळलं म्हणून गेले. खोलीत ओल आलेली. मशीनं उघडून पाहिली तर उंदरांनी तारा कुरतडलेल्या. एकही सुरू होईना. झाली असती तरी काय, पोरं आता गल्लीच्या तोंडाशीच थांबतात. सरदारबींनी भंगारवाल्याला बोलावलं होतं. खोलीत आता पीठगिरणी घालायची म्हणतात.

"खाला, माझ्यामुळं..." मी सुरुवात केली.

"तुमच्यामुळं झालं. अन् सील निघालं तेबी तुमच्यामुळं. पण दोन्ही मिळून बराबर होत न्हाई, ह्ये समजून घ्या." रागानं नाही म्हणाल्या. हिशोब सांगावा तसं म्हणाल्या. "मी तुमाला माफ केलं का न्हाई, मलाच समजून न्हाई राह्यलं. रोज निराळं वाटतं."

प्रबंधात नाव घालू का, म्हणून विचारलं. म्हणाल्या, "घाला. पण पूर्ण घाला. सरदारबी शेख गयासोद्दीन. मशीनं त्यांची व्हती."

बाहेर भंगारवाला घाई करत होता. त्याचा माणूस आलाच नव्हता आणि मशीन एकट्याच्यानं उचलत नव्हतं. सरदारबींनी एका अंगानं हात घातला आणि माझ्याकडं बघितलं. मी दुसऱ्या अंगानं धरलं. केवढं जड! उंबऱ्यापाशी तिरपं करावं लागलं. गल्लीतली माणसं ओट्यावर येऊन बघत होती. नव्या दुकानातली पोरंही आली. त्यांतलं कुणीतरी म्हणालं, "अरे, त्या कॉलेजच्या मॅडम ना?" आणि दोघं-तिघं हसले.

कान तापले. माझी बोटं घसरायला लागली.

"मधीच सोडू नका बाई," सरदारबी पलीकडून म्हणाल्या. "माझ्या पायावर पडंल."

मी पकड बदलली. आम्ही ते गाड्यावर चढवलं, आणि दुसरं आणायला आत गेलो.